टेबलावरचा दुसरा डबा

टिंग.

दुपारी बाळ झोपलं की हार्युलांच्या स्वयंपाकघरात इतकं शांत व्हायचं, की शेगडीतलं लाकूड खाली सरकलं तरी ऐकू यावं. त्या शांततेत एल्मा माझ्या आकडीला पितळी पारडं अडकवायची आणि तेवढाच आवाज व्हायचा. लगेच ती पाळण्याकडे वळून बघायची. बाळ हललं नसलं की खांदे सैल सोडून कामाला लागायची.

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. वाण्याच्या दुकानातला नाही आणि भाजीच्या गाडीवरचाही नाही. सोनाराच्या काट्याचा मी लांबचा भाऊ म्हणा, पण माझ्या पारड्यात सोनं कधी पडलं नाही. मी बंदुकीची दारू तोलायचो. आमच्याकडे हरणाच्या शिकारीसाठी लोक घरीच काडतुसं भरतात, त्यातला एकेक बार माझ्यावरून जायचा. गुंज म्हणजे माझ्या हिशेबात धोंडा. दारूचा एक कण जास्त पडला तरी माझा काटा मान वर करायचा.

माझं अंग ओतीव लोखंडाचं, हिरव्या रंगाचं. दांडीच्या पोटाला पोलादाची धार आहे, ती अकिकाच्या, म्हणजे गुळगुळीत कठीण दगडाच्या खाचेत टेकते. कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई बसायची. तिने माझ्यावर हलकी फुंकर घातली, काटा डुलून जागेवर येईपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा शहाणा दिसतोय. उगाच डुलत बसत नाही." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मग मला भुशात बसवून टपालाने पाठवलं, ते थेट उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या अलीकडच्या जंगलात, लोखंडाच्या खाणीजवळच्या एका घरी.

घर सुलो हार्युलाचं. सुलो खाणीत काम करायचा. बायको लवकर गेली, मागे दोन मुलं. थोरली एल्मा, धाकटा मेल्विन. आमच्या गावात नोव्हेंबरात हरणाचा मोसम उघडतो त्या दिवशी शाळा बंद असते, आणि खाणीतही अर्धी माणसं आजारी पडतात. त्याला कोणी हसत नाही. जाड बर्फ साचायच्या आत शेडमध्ये हरीण टांगलेलं असलं की हिवाळाभर ताटात मांस असतं, नसलं की बटाटे आणि सुकवलेले मासे. साधी गोष्ट आहे.

सुलोचं म्हणणं असायचं की दुकानातलं काडतूस जगातल्या सगळ्या रायफलींसाठी केलेलं असतं, म्हणजे कोणाचंच नसतं. म्हणून तो मोसमानंतर बर्फातून उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून आणायचा. शरद ऋतू आला की त्या टेबलावर यायच्या. आधी लिव्हरच्या यंत्रात दाबून फुगलेली पुंगळी पुन्हा बेतात आणायची, बुडाची जळकी टोपी काढून नवी बसवायची. मग माझी पाळी. मी तोललेली दारू लहानशा नरसाळ्यातून आत जायची आणि वर तांब्याने मढवलेली गोळी बसायची. मी कामाला असलो की खिडक्या बंद आणि रेडिओ बंद. माझ्याजवळ लोक श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचे. राजालाही एवढा मान मिळत नसेल.

सुलोचा एक नियम होता. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा हवा असेल तर पहिल्याचं झाकण लावून तो आधी कपाटात ठेवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. याचं कारण ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दारू एका स्वभावाची नसते. एक झटकन पेटते, ती पाखरांच्या छर्ऱ्यांच्या काडतुसात घालतात. दुसरी सावकाश पेटते, ती रायफलीची. दिसायला दोन्ही सारख्या, करड्या, खसखशीसारख्या. पण झटपट दारू रायफलीच्या मापाने रायफलीत भरली, तर गोळी पुढे जायच्या आत रायफलच फुटते.

एल्माला हे सगळं बापाने शिकवलं. शाळेतून आली की ती माझ्यासमोर बसायची. तिचा हात मला आवडायचा. चमच्याला बोटाने हळू टिचकी मारत ती शेवटचे कण पारड्यात पाडायची, मीठ चव बघत घालावं तसे. मेल्विनला माझ्याजवळ करमायचं नाही. त्याला लिव्हर खाली ओढायला आवडायचं, धाडधाड. सुलो म्हणायचा, "मेल्विन, तू दाब. तोलायचं बहिणीवर सोड." मेल्विन हसायचा. पोरगा वाईट नव्हता, हे मी आजही सांगतो. फक्त त्याच्या पायाला घाई होती.

ती माझी चांगली वर्षं. खालच्या रस्त्यावरचे लोकसुद्धा आपल्या पुंगळ्या घेऊन यायचे. एल्मा हार्युलाने तोललेलं आहे म्हटलं की दुसरं काही विचारायचं कारण नसे. कॉफी प्यायची, वेलचीच्या गोड पावाचा तुकडा खायचा आणि डबी खिशात टाकून जायचं. माझी पितळी पारडी एल्मा आपल्या झग्याच्या टोकाने पुसून ठेवायची.

मग एल्माचं लग्न झालं. नवरा डेल, पुलाच्या खालचा. मोठ्या पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना आमच्याकडे पुलाखालचे राक्षस म्हणतात. थट्टेतच, पण म्हणतात. डेल खाणीत यंत्रं दुरुस्त करायला आला होता. माणूस शांत, हाताने कसबी, पण हरणाच्या बाबतीत अगदी कोरा. तो सुलोच्याच घरी राहायला आला आणि जंगलातल्या शिकारीच्या झोपडीत त्याला जागा मिळाली. त्या झोपडीची एक रीत आहे. ज्याचा नेम चुकून हरीण निसटतं, त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापून भिंतीला खिळ्याने ठोकतात, खाली नाव लिहितात. डेलच्या सदऱ्यांची टोकं भिंतीवर ओळीने लागली होती.

त्या शरदात, आता वेगळा राहणारा मेल्विन कॉफीला आला होता. टेबलावर कोपर टेकून तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "दाजी, यंदा जुनाच सदरा घाला बरं का. नवा फाडायला आमच्या जिवावर येतं."

"तू तुझा सांभाळ," डेल म्हणाला.

"माझा शिवला तसा अख्खा आहे. भिंतीवर मात्र आता जागा उरली नाही. तुमच्यासाठी झोपडी वाढवायला लागणार."

सुलोही हसला. डेलही हसला, पण हसताना त्याने कपातली कॉफी उगाच ढवळली. ती बिनसाखरेची होती. एल्माने ते पाहिलं. तिच्या कडेवर लेक किर्स्ती होती, दात येत असलेली, चिडचिडी. मला तिचं मन माहीत होतं. या वर्षी आपला नवरा अख्ख्या सदऱ्याने घरी यायला हवा, एवढंच तिला हवं होतं. त्याच्या रायफलीला मानवतील अशी काडतुसं ती स्वतः भरणार होती, बाळाच्या झोपेतून वेळ काढून.

मोसमाच्या आधीचा शनिवार. शनिवारी साउना, म्हणजे वाफेची न्हाणी तापवायची असते, म्हणून एल्मा विहिरीचं पाणी वाहत होती आणि सुलो मागे लाकडं फोडत होता. मेल्विन पाखरांची काडतुसं भरायला आला. त्याने झटपट दारूचा डबा काढून यंत्राच्या माथ्यावरच्या चाडीत, दारू साठवायच्या नळकांड्यात ओतला. काम चालू असताना रायफलीचा डबा किती उरलाय ते बघायला म्हणून त्याने तोही काढला, हलवून पाहिला आणि टेबलावरच ठेवला. तो जवळजवळ संपत आला होता.

बाहेर त्याच्या मित्रांनी गाडीचा भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. मेल्विनने आपली भरलेली काडतुसं खिशात कोंबली, चाडी उलटी केली आणि उरलेली दारू डब्यात परत ओतली.

दुसऱ्या डब्यात.

झाकणं लावून दोन्ही डबे कपाटात गेले. मेल्विन शीळ घालत बाहेर पडला. त्या खोलीत पाहणारा मी एकटा होतो. पण मला एकच काटा आहे, आणि पारड्यात काही पडल्याशिवाय तो हलत नाही.

सोमवारी दुपारी बाळ झोपलं. एल्माने डबा काढला. एकच काढला, नियमाप्रमाणे. असायला हवी त्यापेक्षा थोडी जास्त वाटली असेल तिला, पण घरात दारू आणणारे दोघे पुरुष होते, कोणी तरी भर घातली असेल. ती तोलायला बसली. मध्येच किर्स्ती रडत उठली. एल्माने पारड्यात अर्धवट पडलेली दारू सगळी परत ओतली, बाळाला उगी केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ती नेहमी असंच करायची. मित्रांनो, मी तुम्हाला शपथेवर सांगतो, त्या दुपारी तोललेला एकेक बार केसभरही चुकला नव्हता. मला वजन सांगता येतं. वजनाखेरीज दुसरं काही सांगता येत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने डेलला नवा सदरा इस्त्री करून दिला. त्याने तो हातात धरला आणि म्हणाला, "नवा कशाला? मेल्विन काय म्हणाला ऐकलंस ना?"

"ऐकलं म्हणूनच," एल्मा म्हणाली.

मोसमाच्या पहिल्या दिवशी पुरतं उजाडलंही नव्हतं, तेव्हा झोपडीतला एक जण टोपी हातात धरून दारात उभा राहिला. डेलला इस्पितळात नेलं होतं. रायफल मागच्या बाजूने फुटली होती. एल्माने बाळाला सुलोकडे दिलं आणि एप्रन न काढताच ती गाडीत बसली.

नवा सदरा घरी आला तो कागदी पिशवीतून. कापलेला होता, पण मागच्या टोकाला नाही. डॉक्टरांनी गळ्यापासून खालपर्यंत कापला होता. डेल वाचला. उजवा डोळा गेला.

मग माणसं यायला लागली. कॉफी प्यायची, हळू बोलायची. कोणी दुष्टपणाने बोललं नाही, तेच वाईट होतं. बाळ लहान आहे, लक्ष उडालं असेल. रडलं असेल मध्येच. एका पुंगळीत दारू दोनदा पडली असेल, तिचा तरी काय दोष. एल्मा ओट्याकडे तोंड करून भांडी धुवत होती. ती आठवायला लागली होती. बाळ खरंच रडलं होतं. आपण सगळं परत ओतलं होतं, नक्की ओतलं होतं? जितकं आठवावं तितकं ते विरघळत गेलं.

तेवढ्यात सुलोने टेबलावर मूठ आपटली. कप थरथरले.

"माझ्या पोरीचा हात चुकत नाही," तो म्हणाला. "तराजू म्हातारा झालाय. कधीपासून डळमळतोय, मीच फेकायला हवा होता."

खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. अर्थातच, तराजू. जुनाच तो. कोणी तरी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की आपल्याला तर त्याचा काटा पहिल्यापासूनच पटला नव्हता. हा तोच माणूस, जो दर वर्षी आपल्या पुंगळ्या घेऊन आमच्या दारात यायचा.

मेल्विन त्या गर्दीत नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळे इस्पितळात गेले असताना तो एकटा आला. त्याने कपाटातून रायफलीचा डबा काढला, चिमूटभर दारू तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेऊन बोटाने पसरली. बराच वेळ बघत उभा राहिला. त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. मला त्याची दयाही आली. वाटलं, आता हा गाडीत बसेल आणि सरळ बहिणीकडे जाईल.

तो मागच्या दाराने अंगणात गेला. एल्माच्या वाफ्यातला बर्फ बुटाने सारला आणि डबा तिथे रिकामा केला. संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं की घरातली सगळी दारू टाकून दिली, ताईला पुन्हा ते बघायला नको. एल्माने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "तुला किती कळतं रे." पुढच्या वसंतात त्या वाफ्यातला आंबट देठांचा रुबार्ब त्या दारूच्या खतावर गुडघ्याच्या वर आला. शेजारणी विचारायच्या, काय घातलंस गं याला?

एका दुपारी एल्माने मला खाली घेतलं. माझ्या खोक्यात एक लहानसं पितळी वजन असतं, पारख करायला. ते तिने चिमट्याने पारड्यात ठेवलं. मी डुललो आणि बरोबर रेघेवर थांबलो. तिने ते काढलं, पुन्हा ठेवलं. मी पुन्हा तिथेच. माझ्या शहाणपणाचा मला त्या दिवशी इतका राग आला, की धार खाचेतून निसटून मोडली असती तर बरं झालं असतं. कारण मी बरोबर आहे म्हटल्यावर तिच्यापुढे एकच उत्तर उरलं. ती खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि हातांकडेच बघत राहिली.

पुढे एकदा ती शेगडीजवळ उभ्या उभ्या डेलला म्हणाली, "मीच तोललं होतं."

"तुझे बाबा म्हणाले ना, तराजू बिघडला होता म्हणून," डेल म्हणाला. "संपलं ते."

"संपलं," एल्मा म्हणाली.

बापाने लेकीला वाचवायला मला पुढे ढकललं. ती वाचली असती तर माझं नाव मी आनंदाने घालवलं असतं. पण त्या खोट्याने वाचला फक्त एक जण, आणि तोही धड वाचला नाही. एल्माने तेव्हापासून काही मोजलं नाही. पावाचं पीठ अंदाजाने घ्यायची, पाव बसका व्हायचा. किर्स्तीला खोकला झाला की औषधाची बाटली आणि चमचा बापाच्या हातात द्यायची, स्वतः दाराशी उभी राहायची. पोर कधी जोरात रडली तर तिच्या पाठीवर हात फिरवताना तिचा चेहरा बघवत नसे. दुकानातली काडतुसं घरात आली, लिव्हरचं यंत्र कोणी तरी मागून नेलं. मला शेडच्या फळीवर ठेवलं, गंजलेल्या सापळ्यांच्या शेजारी. माझ्यावर उंदीर फिरले. अकिकाच्या खाचेत कोळ्याने घर केलं.

मेल्विन बदलला. झोपडीत थट्टा करेनासा झाला. दर मोसमात त्याचं पहिलं हरीण आमच्या शेडमध्ये टांगलं जायचं. आमच्याकडे पहिलं हरीण ज्याचं त्याच्या घरी जातं, आणि मेल्विनच्या घरी आता बायको आणि खाणारी पोरं होती. तरी तो गाडी मागे घ्यायचा, दोर तुळईवरून टाकायचा, हरीण वर ओढायचा आणि निघून जायचा. एल्मा दारातून ओरडायची, कॉफी तयार आहे. तो लांबूनच हात हलवायचा. हार्युलांच्या घरात कॉफी नाकारणारा माणूस त्याआधी मी पाहिला नव्हता. एल्माला वाटायचं, आपण केलं त्यामुळे तो आपल्या टेबलाशी बसत नाही. तिचं ते वाटणं त्याने बाहेरून, गाडीच्या काचेतून दर वर्षी पाहिलं असेल. एकदाच उतरून यायचं होतं.

मला शेवटी किर्स्तीने शोधलं. शाळेत जायला लागली होती. सापळ्यांमागून ओढून तिने मला खाली घेतलं, बाहीने पुसलं, काडीने खाचेतलं जाळं काढलं. तिच्या आईसारखाच हात. ती माझ्यात ओकची फळं तोलायची, वाळलेले वाटाणे तोलायची, आणि काटा थांबेपर्यंत श्वास बाजूला सोडायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे काही मोठी मागणी नाही. मला पुसा, तेल द्या, असं म्हणायचे माझे दिवस गेले. एवढंच सांगतो, की घरात काही बिघडलं तर जे मुकं आहे त्याच्या माथी मारून मोकळे होऊ नका. त्याने कोणी मोकळं होत नाही. आणि चूक लक्षात आली, की त्याच पावली सांगून टाका. भोंगा वाजत असला तर वाजू द्या.

परवा मोसम उघडला. दुपारी मेल्विनची गाडी आली. किर्स्ती शेडच्या जमिनीवर मला घेऊन बसली होती. मेल्विनने हरीण वर ओढलं, दोराची गाठ मारली आणि वळताना त्याला मी दिसलो, पोरीच्या मांडीजवळ, काटा रेघेवर धरून. तो तसाच थांबला. किर्स्ती म्हणाली, मामा, बघ ना, हा अजून बरोबर सांगतो. त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग गाडीत जाऊन बसला. गाडी बराच वेळ हलली नाही. मी वाट पाहिली. मग ती रस्त्याला लागली.

एल्मा कॉफीचा कप हातात घेऊन शेडपर्यंत आली होती. या वेळी तरी आत येईल म्हणून तिने तो भरूनच आणला होता. ती गाडीच्या चाकोऱ्यांकडे बघत दारात उभी राहिली. कपातून वाफ जात होती.

किर्स्तीने हरणाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग आईकडे.

"आई," तिने विचारलं, "मामाला आपली भीती का वाटते?"